शेठच्या बंगल्यातला फोटो

११ जानेवारी १९९८, रविवार

ह्यांनी आज स्वतःच्या पँटला स्वतः इस्त्री केली. एकतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, म्हणून लिहून ठेवते.

धाटावच्या कंपनीतून रिटायर झालेल्यांची सहल पुढच्या रविवारी निघणार आहे. रोह्याला, नदीपलीकडे, कंपनीच्या मालकाच्या, म्हणजे शेठच्या बंगल्यावर. शेठ जाऊन सहा वर्षं झाली. मुलांनी आता बंगला लोकांना बघायला खुला केलाय. बायकांनाही न्यायचं आहे.

"मी जेवलोय त्या बंगल्यात," हे म्हणाले.

"काय जेवलात?"

"श्रीखंड-पुरी."

मागच्या दिवाळीत सांगितलं तेव्हा बासुंदी होती.

१४ जानेवारी

संक्रांत. आमच्या लेकीच्या, मालूच्या लग्नातला सफारी ह्यांनी ट्रंकेतून काढला. पोटावरचं बटण लागत नाही. "कापड आटलंय," म्हणाले. मी तिळाचा लाडू हातावर ठेवला. तो खाल्ला आणि पुन्हा बटण लावून बघितलं.

१८ जानेवारी, रविवार

जाऊन आलो.

सकाळी पेणच्या रामवाडी स्टँडवरून एसटी. शेजारची सरू आणि तिचा नवरा बरोबर. हे सफारीतच, वर स्वेटर, म्हणजे बटण दिसायला नको. बंगला खरंच बघण्यासारखा. नव्वद वर्षांचा, पण फरशी अशी की चप्पल काढताना मलाच माझ्या पायांची लाज वाटली. सगळं दाखवायला एक तरतरीत मुलगी होती, पण तिला बोलू कोण देतंय? हेच पुढे.

"ह्ये झुंबर बेल्जमचं हाय."

"काका, फिरोजाबादचं आहे," ती म्हणाली.

"तिकडून बेल्जमला जाऊन आलेलं." सगळे हसले. हेही हसले.

मग म्हणाले, चल, मी जेवलो ती खोली दाखवतो. ऐटीत एक दार उघडलं. आत झाडू आणि बादल्या. "जागा लहान होती, पण वाढलं चांगलं असेल," मी म्हणाले. सरूने तोंडात पदर कोंबला.

शेवटची खोली फोटोंची. सरू चष्मा लावून एकेक वाचत होती. एकदम म्हणाली, "गो रंभा, ह्ये तुझेच की! शेठ हार घालतायत!" आणि खालचं मोठ्याने वाचलं — 'संपकाळात कामावर हजर झालेले निष्ठावान कामगार, १९७९'. सात जण. डावीकडून तिसरे हे. केस होते तेव्हा.

ज्यांनी चोपन्न दिवस संप केला होता असे चार-पाच जण मागे उभे होते. सरूचा नवरा खिडकीतून बाग बघत राहिला.

परतीच्या गाडीत हे रोह्यापासून पेणपर्यंत स्वेटरात हनुवटी खुपसून बसले. मी थट्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

१९ जानेवारी

सकाळी चहा पिताना हे आपणहूनच सांगायला लागले.

मालू सहा वर्षांची होती. टायफॉइड. संपाचा दीड महिना झालेला. रात्रंदिवस ताप, आणि त्या दिवशी एसटी बंद. दुपारी दारात शेठची काळी गाडी येऊन उभी राहिली. मला पक्कं आठवतं. मालूला मांडीवर घेऊन मी त्या गाडीतून अलिबागच्या दवाखान्यात गेले. गादी इतकी मऊ की मलाच गुन्हा केल्यासारखं वाटत होतं. संप मिटेपर्यंत मी तिच्याबरोबर दवाखान्यातच होते.

"शेठ काय बोलले नाय गो," हे म्हणाले. "अट नाय, निरोप नाय. मालूचा ताप उतरला आन् दुसऱ्या दिवशी मीच गेलो कामावर. गेटावर सगळे उभे होते. काळूदादा पन."

काळुरामभाऊजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. त्याच संपात त्यांची नोकरी गेली. खाडीकाठच्या गावी परत मिठागरावर गेले. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. मला सांगितलं होतं, घराच्या हिश्श्यावरून फाटलं. आणि मी एकोणीस वर्षं त्या माणसाला हावरा म्हणत आले! धोंडुबाई माझी सख्खी जाऊ; कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही तिला.

"आणि ते जेवण?" मी विचारलं.

"हार घातल्यावर चहा दिलेला. उभ्याउभ्या."

२० जानेवारी

आज एकमेकांशी फक्त मिठाविषयी बोललो. आमटीत कमी होतं.

२५ जानेवारी, रविवार

मीच म्हटलं, उठा, भावाकडे जायचं. साधा सदरा घातला ह्यांनी. वाटेत तीनदा म्हणाले, परत फिरू.

भाऊजी घरी नव्हते, मिठागराच्या बांधावर गेले होते. धोंडुबाईने पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. आम्हीच बसलो. ह्यांनी फोटोचं सांगितलं, गाडीचं सांगितलं, मालूच्या तापाचं. मान खाली घालून, शाळेतल्या मुलासारखं. मी म्हटलं, "मी तुला नाही नाही ते बोलले गो. मला ठाऊक नव्हतं."

तिने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "येतील तवा सांगीन त्यांना."

निघताना पिशवीत वाल घातले तिने. एवढंच.

२८ जानेवारी

आज दुपारी काळुरामभाऊजी आले. पायांवर मिठागराचा वाळलेला चिखल तसाच. उंबऱ्याबाहेरच बसले आणि ह्यांच्याकडे न बघता बोलले —

"गुणा, ती गाडी मी मागून आनली होती. पोर मरत होती म्हनून शेठच्या पाया पडलो. संपवाल्याला ह्ये कुनाला सांगता येतंय व्हय? तू कामावर जाशील, ह्ये मात्र मला सुचलं नाय."