दाराबाहेरचे दोन ढीग

शाळेची इमारत, वरचा मजला
१९ ऑगस्ट

ती. बाबांना,

सा. न. मी धडधाकट आहे. हात सोलवटलेत, कंबर माझी राहिलेली नाही, पण जेवण वेळेवर मिळतं. सुट्टीत घरी न येता कॉलेजच्या मुलांबरोबर इथे पुराच्या मदतकामाला आले, हे मावशीकडून कळलंच असेल. फोन लागत नाही हे खरं. लागत असता तरी केला नसता, हेही खरं.

पाणी ओसरलं, गाळ मागे राहिला. तो आम्ही घरोघर उपसतो. सुरुवातीला सगळ्यांनी फावडी घेऊन फोटो काढले. आता कुणी फोटोचं नाव काढलं तरी बाकीचे खेकसतात.

कामाची पद्धत ठरलेली आहे. घरमालकाला दारात खुर्ची द्यायची आणि एकेक वस्तू त्याच्यासमोर धरायची. तो ‘ठेवा’ म्हणाला तर डावीकडचा ढीग, ‘टाका’ म्हणाला तर उजवीकडचा. उजवीकडचा ढीग संध्याकाळी ट्रक उचलतो. ऐकायला सोपं आहे. पण साधा चमचा धरला तरी माणसं विचारात पडतात आणि आपण चिखलात ताटकळत उभे.

मागच्या आठवड्यात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांचं घर होतं. त्यांची बायको याच पुरात गेली. बाहेरच्या खोलीत ते पटापट उत्तरं देत होते. हत्यारं ठेवा, बाकी टाका. मग आत फक्त आजींची खोली उरली. मी आजोबांना जेवायला पाठवून दिलं. मैत्रीण म्हणाली, ते येईपर्यंत थांबू या. मी म्हटलं, कशाला? म्हाताऱ्या माणसासमोर बायकोचा एकेक कपडा धरायचा? दया आली हो मला, आणि खरं सांगायचं तर मी थकलेही होते. कपडे, चपला, गादी, फणी, सगळं उजवीकडे गेलं. ट्रक नेमका त्या दिवशी लवकर आला.

आजोबा परतले आणि दारातूनच रिकामी खोली बघत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं.

“पोरी, मी टाकाच म्हटलं असतं,” ते म्हणाले. “पण विचारायचं होतंस गं.”

मी कचरा टाकतात तिथपर्यंत पळत गेले. चिखलात माखल्यावर सगळ्या घरांचं सामान सारखंच दिसतं. काही सापडलं नाही.

बाबा, एवढं लिहिलं ते पुढचं लिहायचं टाळत होते म्हणून. आई गेल्यावर मी परीक्षा संपवून घरी आले, तर तिचं कपाट रिकामं. तिचा चष्मासुद्धा नाही. “तुला त्रास नको म्हणून,” तुम्ही म्हणालात. तेव्हापासून मी तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्हाला तिची अडगळ झाली असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. तुम्ही तो एकेक कपडा एकट्याने घडी घालून पिशवीत भरला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या दिवशी आजींची फणी हातात आली तेव्हा आलं.

राग पूर्ण गेला असं नाही लिहीत. थोडा आहे अजून. पण तो ओढत राहायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही, आणि तुमची फार आठवण येते.

आजोबांकडे रोज जाऊन त्यांची हत्यारं धुऊन देते. ते फारसं बोलत नाहीत. काल मात्र त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

रविवारी इथलं काम संपतंय. घराची किल्ली माझ्याकडे आहे, त्यामुळे मी सरळ येऊन दार उघडू शकते. पण विचारते आहे.

बाबा, मी येऊ का?

हे पत्र आणणारा टेम्पोवाला उद्या परत इकडेच निघतोय. त्याच्याजवळ एक शब्द सांगितलात तरी पुरे.

वाट बघत असलेली,
तुमची ठकी