आईचं माप

मंगळवार, ३ जून
आई गेली. सकाळी साडेआठला, चहा अर्धा टाकून. मी खाली दुकानाचं शटर उघडत होते.
दादा परवा पोचेल. तोवर तिला शीतपेटीत ठेवलंय. शीतपेटीत! जिला पंखासुद्धा सोसायचा नाही.

बुधवार, ४ जून
शववाहिनीचा गाडीवाला येऊन गेला. उद्या अकराची वेळ ठरली. "अंगावर काय घालायचं ते नऊपर्यंत द्या, ताई."
ते ठरलेलंच आहे. कपाटातलं निळं ड्रेसचं कापड. चार वर्षं दम देत होती — "जाताना हेच. आणि तुझ्या हातचं. तयार कपड्यात नेलंस तर उठून बसेन!"
दुपारी दुकानातल्या मापांच्या वहीतून तिचं माप काढलं. छाती छत्तीस, कंबर चौतीस. बेतलं, कापलं, शिवलं. काजंसुद्धा हातानं केली. जन्मभर माझी शिवण उसवून परत करायला लावली तिनं. आज एक टाका वाकडा नाही. वाटलं, चला, एवढं तरी धड झालं.

गुरुवार, ५ जून
कसलं धड! ड्रेस अंगावर नुसता लोंबत होता. खांदे पार दंडावर.
दादा म्हणाला, "आई एवढीशी कधी झाली गं?"
तो दोन वर्षांनी येतो. मी रोज समोर बसून जेवत होते. वहीतलं माप सात वर्षांपूर्वीचं! जुन्या मापावर कात्री चालवायची नाही, हा तिचाच पहिला धडा.
पाठीमागे कापड चिमटून टाचण्या मारल्या. टाचण्यांवर झोपवलं मी आईला. गाडीवाला हळूच म्हणाला, "कुणाला दिसत नाही, ताई." मला दिसतं ना!
मागच्या महिन्यात म्हणाली होती, "माझं माप घे गं एकदा." शाळांच्या युनिफॉर्मची घाई. मी फाडकन म्हटलं, "तू कुठे पळून चाललीयेस?"

शुक्रवार, ६ जून
दादा परत गेला.

सोमवार, ९ जून
दुकान उघडलं. गिऱ्हाईकाचं माप लिहायला वहीत जागाच नव्हती, म्हणून पुठ्ठ्यालगतचं शेवटचं पान उलटलं. आईचं अक्षर. थरथरतं. तारीख एकोणीस मे.
छाती तीस. कंबर अठ्ठावीस. उंची, भिंतीला टेकून, अठ्ठावन्न.
खांदा — एकटीला घेता येत नाही. पोरीला वेळ झाला की.