एक खोली कमी

८ जानेवारी, बुधवार

खोटं बोलले. चक्क ह्यांच्याशी, आणि तेही देवापुढे दिवा लावून उठल्या उठल्या!

दुपारी दलालाबरोबर दोन घरं पाहिली. मालकाने महिनाअखेर जागा सोडायला सांगितलीय – आम्हाला, आणि थोरल्या दिरांनाही. चार वर्षं एकत्र काढली, आता दोन चुली. सासूबाई कुणाकडे? दीर परवा म्हणाले, "ज्याच्याकडे जागा, त्याच्याकडे आई." जाऊबाईंनी लगेच पुस्ती जोडली, "आमची तीन पोरं. तुझं काय बाई, दोघंच! घ्याल ते घर मोकळंच."

पहिलं घर एका खोलीचं, स्वयंपाकाला कोपरा. दुसरं मागच्या गल्लीत. जुनाट, पण दोन खोल्या – आणि भाडं तेवढंच! मागच्या खोलीत छान ऊन. एक खाट सहज बसेल. ती खाट डोळ्यांपुढे आली, आणि तिच्यावर सासूबाई.

संध्याकाळी हे विचारतात, "दुसरं कसं होतं?"

म्हटलं, "ते गेलं. कालच कुणी घेतलं."

"बरं," म्हणाले.

११ जानेवारी, शनिवार

सासूबाई वाईट नाहीत. हे लिहून ठेवलं पाहिजे. मला टायफॉइड झाला तेव्हा अकरा दिवस उशाशी बसून होत्या. पण मी घासलेलं भांडं पुन्हा घासतात. मी ह्यांच्याशी बोलायला लागले की पडद्यापलीकडून खोकतात. चार वर्षांत आम्ही दोघं एकदाही मोठ्याने हसलो नाही. तेवढंच हवं होतं रे देवा. तेवढंच!

१२ जानेवारी, रविवार

एका खोलीचं पक्कं झालं.

१९ जानेवारी, रविवार

सामान लावलं. नवं काही घेतलं नाही. जुन्या चादरीचे पडदे शिवले, खोक्यावर फळी टाकून टेबल. देवांना उजेडाकडची जागा. हे खिळे ठोकताना शीळ घालत होते! स्टुलाचा एक पाय आखूड निघाला, हे बसले आणि कलंडलेच. दोघं पोट धरून हसलो. हसता हसता मला रडू फुटलं.

"अगं, स्टूलच आहे ते!" म्हणाले.

२१ जानेवारी, मंगळवार

दिरांकडेही जागा नाही म्हणे. सासूबाईंचं नाव वृद्धाश्रमात घातलं. एका खोलीत बारा खाटा. सासूबाई म्हणाल्या, "बरंच झालं. भांडायला अकरा जणी आयत्या मिळाल्या!" सगळे हसले. हेही.

मी पाणी प्यायला उठले.

२५ जानेवारी, शनिवार

सासूबाई आमचं घर बघायला आल्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं टाकून पाहिली. मग दारामागे पाहिलं. "नाही गं, इथे नाही मावायची माझी खाट," म्हणाल्या. जणू चूक त्या खाटेचीच!

चहा दिला. कपबशी उलटीसुलटी करून बघितली. म्हटलं, आता काढणार काहीतरी खोट. तर म्हणाल्या, "लख्ख घासतेस हो तू."

चार वर्षांत पहिल्यांदा.

२७ जानेवारी, सोमवार

सासूबाईंना पोचवून आलो. जप होत नाही. माळ हातात घेतली की माझंच बोलणं ऐकू येतं – ते गेलं, कालच कुणी घेतलं. तीन दिवस झाले, एकवेळ जेवतेय. त्याने काय होणार!

२ फेब्रुवारी, रविवार

मागच्या गल्लीत जाऊन आले. ते घर अजून रिकामंच आहे! "भाड्याने देणे" पाटी जागेवर. उद्या ह्यांना सगळं सांगणार. ओरडू देत, बोलणं टाकू देत. आईपासून तोडलं मी त्यांना. काय शिक्षा द्यायची ती देऊ देत, पण सासूबाईंना आणता तरी येईल.

३ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. हे जेवत होते. मान वर केली नाही.

"माहीत होतं. त्याच संध्याकाळी दलालाचा फोन आला होता – वहिनींना मागच्या गल्लीतलं पसंत नाही का म्हणून. म्हटलं, ती गेलं म्हणते ना, मग गेलं."

म्हटलं, "अजून रिकामं आहे हो. आणू या ना आईंना?"

"आता कशाला? रुळली असेल ती तिथे. भाजी वाढ."

वाढली. मग जिन्यात जाऊन बसले. हे आतून हाका मारत होते. उठवेना.