शाळेतली सावड

१ जून १९८७, पेडणे
कॉलेज सोडल्याला सहा महिने, शाळेत कारकून झाल्याला तीन. राज्य होऊन दोन दिवस. छापील रजिस्टरांवर सगळीकडे 'गोवा, दमण व दीव'. हेडसर म्हणाले, "दमण-दीव खोडा. पानोपानी." मी हसलो. खरंच सांगत होते.
सुलभाबाई, तिसरीच्या (इथे फक्त सु.), सुट्टीहून आली. अबोली रंगाची साडी. दोन पानांवर मी 'गोवा'च खोडलं.

५ जून
शाळा भरली. शिक्षक चार, हेडसरांची यादी भिंतीएवढी. दाखल रजिस्टर, हजेरीपट, वर्षाचं नियोजन, टाचणं, पुस्तकवाटप, घरोघर भेटी, भिंतींची सजावट. सगळं महिनाअखेरपर्यंत. वर शिकवायचं. सु.चा आवाज आत्ताच बसलाय. गेल्या जूनमध्ये असंच झालं, मग महिनाभर घरी पडून होती म्हणे.

९ जून
सु. टाइपरायटरपाशी आली. हातात कागद. "इतकं टाइप करून दी रे." तिचा राजीनामा! तारखेची जागा रिकामी. "महिनाअखेरपर्यंत निभावलं तर बरं. नाय तर तारीख घालून सरांना देऊन सोड."
मी द्यायचा? खणात ठेवलाय. खण उघडवत नाही.

१० जून
हेडसरांवर ओरडलो. "शिक्षक आहेत की बैल?" सर चष्मा पुसत राहिले. बाहेर सु.नं गाठलं, बसलेल्या आवाजात: "माझी वकिली तुका कोणी सांगली?"
कॉलेजातही हेच. प्राध्यापकांशी भांडलो, वह्या फेकल्या, घरी. आई, आमची आवय, म्हणते, माझ्या टाळक्यावर पेज शिजेल.

१३ जून
परवा शहाणपणा केला. सु.ला न विचारता तिचं दाखल रजिस्टर घरी नेलं, अख्खं लिहून काढलं. अक्षर झकास. बापाच्या नावाच्या रकान्यात सगळीकडे आईचं नाव. चाळीस मुलं. आज पुन्हा लिहीत बसलीय बिचारी. माझ्याकडे बघून हसली मात्र. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

२१ जून, रविवार
आवयेबरोबर शेजाऱ्यांच्या कुणग्यात, भाताच्या खाचरात, लावणीला. सावड आहे. आज सगळे त्यांच्यात, उद्या दुसऱ्यांच्यात, गुरुवारी आमच्यात. पेजेची हाक आली की हातातला तरवा, रोपांची जुडी, तिथंच ठेवून वर. मी म्हटलं, ही ओळ तेवढी संपवतो. आवय बांधावरून: "एकटो वाकलस तर कंबर मोडतली. धा जणां वाकली तर गजाली-गप्पा जातत. वयर ये, शिरा पडो तुझ्या ओळीर!"
चिखलात तसाच उभा. डोळ्यांपुढे सु.चं रजिस्टर.

२२ जून
हेडसरांकडे. आधी माफी. मग सांगितलं, चौघं चार खोल्यांत तीच तीच कामं कशाला ओढतात? रोज एका वर्गाचं काम, चौघांनी मिळून, तीन ते चार. चारला कुलूप. घरी काही न्यायचं नाही. सजावट गणेश चवथीनंतर.
सर शेतकऱ्याच्याच घरचे. "चार म्हणजे चार?"
"पेजेची हाक म्हणजे हाक, सर."
"आधी कोणाचो कुणगो?"
"तिसरीचो."
"माका वाटलांच."
कान तापले. पण भांडलो नाही!

२५ जून
आमची लावणी आज. सकाळी चिखल, दुपारी शाळा. तिसरी झाली, पहिली, चौथीही. एकजण नावं वाचतो, एकजण लिहितो, सर स्वतः रकाने आखतात. चहात उंडे पाव बुडवून गजाली. चारची घंटा मी देतो, जरा जोरातच.
सु.चा आवाज परत आला. पहिलं वाक्य: "बापायचं नाव हां, आईचं नाय!" सगळे खो खो. मीसुद्धा.

३० जून
सु.नं राजीनामा मागितला. खण उघडून दिला. तिनं फाडला नाही. उलटा करून पाठीवर जुलैच्या पाळ्या आखल्या नि परत माझ्याच खणात. "असू दे. बघूया."
मग छत्री उघडता उघडता रविवारचं बोलावणं: "आयतारा आमची लावणी. आवयेक घेऊन ये."
सावडीचा नेम. आपण त्यांच्यात गेलो की ते आपल्यात येतात. पण आमची तर होऊन गेली.
घरी येऊन आवयेला विचारलं, एखादा कुणगा राहिलाय का.
"कोण येवचां आसा?"
मी ओली छत्री टांगायला वळलो.
चुलीकडे तोंड करून म्हणाली, "एक ऱ्हवलो हा."
नाही राहिलेला. मी मोजलेत.