गास्पारचा दुसरा भाग

९ जानेवारी १९५६

चहाच्या विटेमागे एक कादंबरी! इसाक आगायचा नवा हुकूम. डेपोचा साहेब म्हणजे बोलायलाच नको. "यंदाचं वर्ष जागतिक साहित्याचं. वरून आलंय. चहा पाहिजे? पुस्तक घ्या. रबरी बूट पाहिजेत? पुस्तक घ्या."

मी म्हटलं, आगाय, मेंढपाळ मला चाबकाने फोडतील.

"तू दक्षिणेकडचा. तुमची कातडी जर्दाळूसारखी. पहिल्या फटक्यातच पळशील, फार लागणार नाही."

सगळा डेपो हसला. हसा लेको! बर्फ वितळलं की हा शेरगाझी, म्हणजे मी, इथे नाही. उझगेनचा भात सोडून या नारीनच्या थंडीत ट्रक हाकायला आलो तो काही मरेपर्यंत नाही.

ट्रकच्या मागे आता साखर, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि जग. चीनचं, हंगेरीचं, हिंदुस्थानचं. सगळ्यात जास्त गठ्ठे 'गास्पार'चे, भाग पहिला. कुणा पोर्तुगीज माणसाचं. आपल्या भाषेत करून राजधानीत, फ्रुंझेत छापलंय. लेखकाचं नाव म्हणायला गेलो, जीभ दाताखाली आली.

१७ जानेवारी

मामबेत मेंढपाळाच्या हिवाळी वस्तीवर गेलो. त्याची म्हातारी आई काल्बू आपा पुस्तक उलटंसुलटं करून बघते. "हे लोण्याबरोबर खायचं का?"

"वाचायचं, आपा."

"माझे डोळे गेले शिवणात. आत काय आहे ते तू सांग. पटलं तर घेईन."

आली पंचाईत! मी चौथी, तीही अर्धी. लढाई लागली, बाप गेला, मी पाटी टाकून बैलांमागे लागलो. पण चहा खपवायचा होता. ट्रकमध्ये बसून बोटाने ओळ धरत थोडं वाचलं, मग आत जाऊन सांगितलं. गास्पार कोळी आहे. आईची कर्णफुलं विकतो आणि बोट घेतो.

"समुद्र म्हणजे आपल्या इसिक-कुल तलावाएवढा?"

"त्याहून मोठा. पलीकडचा काठ दिसत नाही."

"मग माणूस तिकडे बघतो तरी कशाला?" मामबेत.

"मासा लोकर देतो का?" आपा. "नाही ना? बोट विकून मेंढ्या घे म्हणावं त्याला. पुढच्या खेपेला सांग घेतल्या का ते."

मामबेतची बायको तोतुया. दिवस भरत आलेत तिचे. मुकाट्याने चहा ओतत होती. सात इयत्ता झाल्यात म्हणे. सात शब्द काही ऐकू आले नाहीत.

३० जानेवारी

मेंढ्या घेतल्या नाहीत म्हणून आपा गास्पारवर चिडली. मटण मात्र मला वाढलं.

११ फेब्रुवारी

काय होऊन बसलं हे! वस्तीवर पोचलो आणि आपा दारातच. काल मुलगा झाला. म्हणे, "नाव तू ठेव."

मी? मी चहावाला! मग मामबेतने हळूच सांगितलं. आधीची दोन गेली. पहिल्याचं नाव तुरसुन ठेवलं होतं, म्हणजे 'राहू दे'. दुसऱ्याचं तोकतोसुन, 'थांबू दे'. राहिलं नाही, थांबलं नाही.

"आपली नावं तो ओळखतो," आपा म्हणाली. ज्याच्याबद्दल बोलत होती त्याचं नाव घेतलं नाही. "हाक मारत सरळ दारात येतो. तू परका माणूस, परकं नाव दे. त्याला वाचताच आलं नाही पाहिजे."

मला एकच परकं नाव येतं.

"गास्पारबेक," आपाने बाळाच्या कानात तीनदा सांगितलं. पडद्यामागून तोतुया माझ्याकडे बघत होती. काय बघणं ते! जणू मी जामीन राहिलोय.

४ मे

बर्फ गेलं. मी नाही गेलो. भाग पहिला संपायचाय, मग बघू.

१९ जून

उन्हाळी कुरणावर सगळ्यांना गास्पारच पाहिजे. हंगेरीचं पुस्तक कुणी किटलीखाली ठेवलंय, हिंदुस्थानचं मात्र एका म्हाताऱ्याने चित्रांसाठी घेतलं. मामबेतच्या भावाने शिंगराचं नाव गास्पार ठेवलं. पलीकडच्या तंबूतल्या मेंढ्याचंही तेच. हाक मारली की तिघं वळून बघतात. बाळ सगळ्यांत शेवटी, पण हसून.

गुटगुटीत झालाय. मी उचलला तर शर्ट ओला केला.

"समुद्रावरचा माणूस!" आपा. "पाण्याशिवाय कसं चालेल त्याचं?"

८ ऑगस्ट

भाग पहिला संपला. गास्पार बोट घेऊन निघतो, बायको काठावर उभी, आणि बस्स! पुढे कोरं पान. लोक माझ्यावरच उठले. वीरगाथा गाणारे म्हातारे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस घोटभर पिऊन उजाडेपर्यंत गातात, आणि तू मधेच उठतोस? सुरू केलीस ना, आता तूच संपवायची. दुसऱ्याने संपवलेली गोष्ट म्हणजे उष्टं.

१४ सप्टेंबर

भाग दुसरा आला! मी शहाणपणा केला. सगळे सीटखाली दडवले. लोकांनी विकत घेतला तर मला आत बोलावून मटण कोण वाढणार? आधी मी वाचेन, मग थोडं थोडं सांगेन.

२६ सप्टेंबर

सीटखालची एक प्रत कमी आहे. मामबेतच्या भावाचं काम, सिगारेट वळायला. दुसरं कोण!

२१ ऑक्टोबर

बुडाला.

शेवटून दुसरं पान. नीट वाचता येत नाही म्हणून चुकलो असेन, असं वाटून पुन्हा बोट लावून वाचलं. वादळ येतं, बोट उलटते, गास्पार बुडतो. मेला! शेवटच्या पानावर बायको जाळं विणत बसलीय, एवढंच.

अरे माणसा, तू पोर्तुगालात आरामात खुर्चीत बसून लिहिलंस. इथे ते नाव एका पोराला दिलंय, तुला काय त्याचं!

२४ ऑक्टोबर

बाळाला खोकला. छाती घरघरते. मी आत गेलो तेव्हा कुणीच थट्टा केली नाही. आपाने मेंढीची चरबी तापवून त्याच्या छातीला चोळली. मग म्हणाली, "सांग. गास्पार कुठवर आला?"

सगळे माझ्या तोंडाकडे.

मी म्हटलं, वादळ आलं. मोठं आलं. आणि... वाचला! फळी सापडली, काठाला लागला.

आपाने हात जोडून तोंडावरून फिरवले. मामबेत हसला. तोतुयाच्या डोळ्यांत पाणी आलं. आज पहिल्यांदा माझ्याशी बोलली ती. "नक्की वाचला?"

"नक्की, वहिनी! धडधाकट."

ती उठून बाहेर गेली. आनंद झाला असणार बिचारीला.

३ नोव्हेंबर

खोकला गेला!! आता माझ्या लक्षात आलंय. गास्पारला मरू द्यायचं नाही. मग इसाक आगाय काही बोलो.

१६ नोव्हेंबर

पुस्तक संपलंय, गोष्ट नाही. आज गास्पारने मेंढ्या घेतल्या. आपा मांडीवर थाप मारून, "मी जानेवारीत काय सांगितलं होतं!" मग डोळे बारीक करून, "तिकडे कुमिस पितात का रे?"

"पितात की."

"कुणाचं?"

"घोडीचं."

"बोटीवर घोडी ठेवली होती का त्याने?"

मी चहाच्या वाटीत तोंड घातलं. मामबेत हसून हसून आडवा.

तोतुयाने मात्र हळूच विचारलं, "बोट विकली का त्याने?" नाही, म्हटलं, आहे बांधलेली. "मग एकदा तरी जाईल ना समुद्रावर?" म्हटलं, छे हो, घाबरू नका, पाऊल नाही टाकणार तो पाण्यात! तिने ओठ चावला.

५ डिसेंबर

गास्पारने दुसरं घर बांधलं. मला आता रात्रंदिवस त्याच्या संसाराची काळजी. माझा स्वतःचा एक बूट फाटलाय.

तोतुया: "तिकडे पुन्हा वादळं येत नाहीत का?"

किती भित्री बाई! म्हटलं, यंदाचं वर्ष शांत आहे, वहिनी.

२० डिसेंबर

इसाक आगायने झापलं. "परदेशी पुस्तकांत यंदा जिल्ह्यात पहिला नंबर कुणाचा? गास्पार, भाग पहिला. भाग दुसरा? शून्य! लोकांना पुढचं नको का?"

"कंटाळवाणा आहे, आगाय. सगळा मेंढ्यांचाच संसार."

"अरे, मग तर इथे जास्त खपेल!"

वर म्हणतो, वसंतात काराकोलच्या डेपोत जागा आहे, मोठा तलाव, लाटा, तुला इथून जायचं होतं ना? होतं की! पण मी गेलो आणि नव्या चहावाल्याने पुस्तक उघडलं तर? नको म्हणून सांगितलं. माझं मलाच खरं वाटेना.

३० डिसेंबर

गास्पारबेक चालला! दाराच्या खांबापासून आपापर्यंत, मधे फक्त एकदा बसला. मग काय, दोर कापायचा समारंभ. काळ्यापांढऱ्या लोकरीचा दोर त्याच्या पायांना बांधला, वस्तीतली पोरं लांबून धावत आली, पहिल्या आलेल्या मुलीने सुरीने कचकन कापला. आता त्याला कुणी अडवणार नाही, म्हणतात. कणकेच्या बोरसोकचा डोंगर तळला होता. मेंढा कापला. (गास्पार मेंढा नव्हे, दुसरा.)

दोन्ही भाऊ जे वय गाठू शकले नाहीत ते याने गाठलं. आपा एकाच वेळी हसत होती, रडत होती, वर मला शिव्या देत होती. "जर्दाळू! तुझ्या नावाने तारलं रे!"

मी मनात शपथ घेतली. मी म्हातारा होईन, पण गास्पारला जिवंत ठेवीन.

बर्फ पडायला लागलं, मुक्काम इथेच.

३१ डिसेंबर

सकाळी ट्रक गोठलेला. तोतुया गरम पाण्याची किटली घेऊन आली. किटली ठेवली आणि शालीखालून पुस्तक काढलं. भाग दुसरा!

"सप्टेंबरातच वाचून झालं. सीटखालून घेतलं होतं. चोरलेलं म्हणून सांगता येईना, आणि सासूबाईंसमोर पाहुण्याला खोटं पाडायची आमच्यात रीत नाही."

 म्हटलं, वहिनी, मी फक्त बाळासाठी...

"बाळासाठी? तो बुडाला हे वाचलं त्या दिवशी मी वर्षात पहिल्यांदा शांत झोपले! त्या नावाचा माणूस एकदा नेला ना त्याने? मग ते नाव फिटलं. एका नावासाठी तो दोनदा येत नाही. आणि तू काय करतोस? घरं बांधून देतोस! माझं पोर खोकतंय आणि तू म्हणतोस, धडधाकट!"

रेडिएटरमध्ये पाणी ओतता ओतता तिने डोळे पुसले, मग हसली.

"चल आत. चहा ठेवलाय, सगळे बसलेत."

हे केबिनमध्ये बसून घाईने लिहितोय.  जातो आता. वादळ आणायचंय.