दुलारी या नावासाठी

९ फेब्रुवारी

शेळीचं नाव! माझ्या बहिणीचं नाव म्हणे शेळीचं वाटतं! पल्लवी, माझ्या भावाची बायको. बाळंत होऊन महिना नाही झाला, पण जीभ बघा. मी फोनवर एवढंच म्हटलं की मुलीचं नाव दुलारी ठेवू, आपल्या दुलारीची आठवण राहील. तर म्हणते, "ताई, दुलारी कोणी ठेवते का आता? शेळीचं नाव वाटते. आम्ही अनाया ठेवून राहिलो."

उमेंद्र बाजूलाच होता, खोकला ऐकू आला. सख्खी बहीण होती त्याची. आणि हा नुसता खोकतो!

फोन ठेवून दिला.

१० फेब्रुवारी

आज वर्गात हजेरी घेताना पोरांवरच ओरडले. अनाया, अनायरा, कियांशी, श्रीनिका. आयांना अर्थ विचारा. "माहीत नाही मॅडम, मोबाईलमध्ये भेटलं."

आमच्या वेळी ईश्वरींची साथ होती. मी भूमेश्वरी, शेजारी योगेश्वरी, मागे खिलेश्वरी आणि डिलेश्वरी. गुरुजींनी नुसतं "ईश्वरी" म्हटलं की अर्धा वर्ग उभा! अख्ख्या शाळेत दुलारी मात्र एकच, माझी धाकटी.

नाव बाबांनी ठेवलेलं. दुलार म्हणजे लाड. दुलारी म्हणजे जिचे लाड होतात ती. बाबा सांगतात, आपले पोवार समाजाचे लोक माळव्याकडून आले तेव्हा सामान थोडं आणलं, बोली सगळी आणली. हे नावही त्यातलंच. खरं-खोटं देव जाणे. पण पूर्वी घरोघरी एखादी दुलारीबाई असायचीच. आता उरल्या त्या सगळ्या बिनदातांच्या. त्या गेल्या की नावही गेलं.

माझी दुलारी तर म्हातारीही झाली नाही. काविळीनं नेली.

१३ फेब्रुवारी

राग मूळचा पल्लवीवर नाहीच. आमगाववाल्यांवर आहे, दुलारीच्या सासरच्यांवर.

लग्नात ताटात तांदूळ पसरून लोकेंद्रनं, तिच्या नवऱ्यानं, अंगठीनं नाव काढलं. स्वरा. टाळ्या वाजल्या. एका मिनिटात दुलारी संपली! त्यांच्या घरी तिला तिच्या नावानं कधी कोणी हाक मारलीच नाही. तेरवीच्या कार्डावरही तेच — कै. सौ. स्वरा. मी "दुलारी, दुलारी" म्हणून रडत होते, तर तिची शेजारीण माझ्या पाठीवर हात ठेवून विचारते, "दुलारी कोण जी?"

तीन वर्षं झाली. अजून अंगाची आग होते.

१६ फेब्रुवारी

सौंदडला, माहेरी आले. आईला म्हटलं, तू पल्लवीला सांग. आई वडे-घुगऱ्यांची डाळ आणि हरभरे निवडत होती. वर पाहिलंच नाही.

"जाऊ दे ना बाई. कायले भांडून राहिली? लेकरू तिचं हाये."

"आणि दुलारी तुझी नव्हती?"

सूप घेऊन आत निघून गेली. यांना सगळ्यांना विसरायचंच आहे!

१७ फेब्रुवारी

उद्या बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या मी आहे.

१८ फेब्रुवारी

केलं मी ते.

बाया पाळण्याभोवती, पुरुष अंगणात. पल्लवीनं पदर सावरून पुन्हा बजावलं — "ताई, अनाया हं." मी वाकले. कानात म्हटलं, दुलारी. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं, "दुलारी!"

गाणं थांबलं. पल्लवीनं बाळ उचललं आणि रडत खोलीत गेली. उमेंद्र मला म्हणाला, "तुले काय भेटलं?"

तेवढ्यात दारात लोकेंद्र दिसले. हातात बाळासाठी आणलेले चांदीचे वाळे. माझा तोल गेला. "तुम्ही तर येऊच नका पुढं! माझ्या बहिणीचं नाव खाल्लं तुम्ही. जिवंतपणीच पुसून टाकलंत तिला!"

सगळं अंगण ऐकत होतं. बाबासुद्धा खुर्चीत ताठ झाले.

लोकेंद्रनं एकदा बाबांकडे पाहिलं. वाळे आईच्या हातात दिले आणि गाडीला किक मारून न जेवताच गेले.

भित्रा माणूस! उत्तर असतं तर दिलं असतं.

१९ फेब्रुवारी

पल्लवीचं दार बंद. उमेंद्र बोलत नाही. बोलू नका. मला पश्चात्ताप नाही.

२० फेब्रुवारी

आई सकाळी मला धरून विहिरीकडे घेऊन गेली. म्हणाली, "जावयाले काऊन बोलली तू? स्वरा नाव दुलारीनंच सांगितलं होतं त्याले. लग्नाच्या आधी मले म्हणे, आई, मले माहं नाव कधीच नाही आवडलं. सगळ्या पोरी ईश्वरी, अन मी एकटी म्हातारी. आता बदलून घेतो. पण बाबाले नोको सांगू, त्यायनं लाडानं ठेवलं. जावयानं तिले वचन देलं, मीनंबी देलं."

मी परत आले तेव्हा बाबा अंगणात बसले होते. मला जवळ बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला. "बरं केलं बाई," म्हणाले. "त्या घरानं माह्या पोरीचं नाव नेलं होतं."

मी मान हलवली. हो म्हटलं.