भिंतीपलीकडचं पिल्लू

१० फेब्रु. ७८, शुक्र.
वीज बंदचा वार, घरचे माग बंद. घर इतकं गप्प की सौ. तांदूळ निवडतेय तेही ऐकू येतं. त्यात मागच्या खोल्यांतून एकदम कुंई... आणि वर काहीतरी टाकल्यासारखा आवाज दबला. मांजर नव्हे. मागच्या भाडेकरूंची सुब्बी असं रडत नाही. कुत्र्याचं पिल्लू, नुकतं आईपासून तुटलेलं.
मग मास्तरांची बायको गौराबाई, दबक्या आवाजात: "सुम्निर! हुली बंतु!" गप बस, वाघ आला.
वाघ म्हणजे मी. बिराजदार मास्तर भाड्यानं आले तेव्हापासून त्यांच्या घरात माझं हेच नाव. त्यांना वाटतं मालक मोडनिंबचा, याला कन्नड काय कळतंय. खांद्यावर चादरींचं गाठोडं घेऊन इंडी-विजापूरच्या बाजारात घसा फोडला मी उमेदीत, ते त्यांना कुठं माहीत. सांगायचं राहिलं. आधी राहिलं, मग ऐकायची मजा यायला लागली म्हणून...
वाघ म्हणतात याचं बरंच वाटायचं, खरं सांगायचं तर.
खोल्या देताना बोललो होतो: मांजर आहे ते असू द्या, दुसरं काही आणायचं झालं तर विचारायचं. बघू विचारतात का.

१२ फेब्रु.
नळावर मास्तर. म्हटलं, "काय मास्तर, शुक्रवारी कोण कण्हत होतं तुमच्यात? पोटात गुरगुरतंय की काय?" बादली भरून वाहायला लागली तरी माणसाला नळ बंद करायचं सुचेना. "व्हय की मालक... शेंगाचटणी जरा जास्त झाली." पाठीवर थाप मारली, ओवा खा म्हटलं. दिवसभर आठवून हसू.
सौ.ला सांगितलं. ती हसली नाही. "पाळा म्हणून बोलून मोकळं व्हा की. तोंडाला काय टाका घातलाय?"
म्हटलं, विचारू दे की. गावाकडनं आलो तेव्हा मागाखाली पथारी टाकायची तरी विचारून टाकायचो. मला कुणी न विचारता दिलं का काही?
"म्हणून तुमीबी तसंच करा," म्हणाली आणि परात आपटली.

१५ फेब्रु., बुध.
माग चालू असले की ते मोठ्यानं बोलतात, वाटतं खडखडाटात बुडेल. चार मागांच्या आवाजात तुटलेला धागा ओळखणारे कान हे.
आज तालीम. मास्तर विचारणार, गौराबाई मालक झालेल्या. माझं ते "हॅ हॅ हॅ, बसा की मास्तर", अगदी हुबेहूब. त्यांची पोरगी गिरिजा खदखदून हसली. मीही, तोंडावर पंचा धरून.
मास्तरांचं वाक्य असं: पोरीला आवड आहे मालक, घाण होऊ देणार नाही, तुम्ही नको म्हणालात तर... आणि तिथं गाडी अडायची. गौराबाई म्हणाल्या, नको म्हणालात तर, हे म्हणूच नका. पुन्हा पहिल्यापासून. गिरिजानं मधेच विचारलं, पण नको म्हणाले तर?


१६ फेब्रु.
आले मास्तर. धुतलेला शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. वर्गभर पोरांना गप करणारा माणूस खुर्चीच्या काठावर बसला. मला तर पुढची ओळ पाठ. "पोरीला..." म्हणाले आणि मी मधे तोंड घातलं. का घातलं? थोडी अजून मजा, एवढंच. मग हो म्हणणारच होतो. आईशपथ.
कोंबड्यांवाल्या भाडेकरूची गोष्ट लावली. न विचारता पाळल्या, तर भर पावसात सामान रस्त्यावर, खुराड्यासकट! हॅ हॅ हॅ. खरं म्हणजे त्याची बदली झाली होती, सामान मीच हात लावून गाडीत चढवलं. पण गोष्ट अशी रंगते.
मास्तर हसले. इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, "नळाचा वायसर गेलाय मालक. तेवढं बघा." पेढे ठेवून निघाले.
हाक मारायला उठलो होतो. उद्या परत येतीलच म्हणून बसलो.
सौ.नं पेढ्यांना हात लावला नाही.

१९ फेब्रु., रवि.
सकाळी मास्तर कापडी पिशवी छातीशी धरून निघाले. पिशवी हलत होती. ओट्यावरून विचारलं, "बाजार का?" "व्हय मालक." वाटलं गुरांच्या दवाखान्यात नेत असतील. किंवा असं वाटून घेतलं. दुपारी आले ते रिकामी पिशवी खांद्यावर टाकून.
पुढचं भिंतीतून कळलं. मंद्रूपला सोडलं. वास काढत परत येणार नाही इतकं लांब. यष्टी सुटली तशी ते मागं पळत आलं, मास्तरांनी खिडकीतून तोंड फिरवलं. 
गिरिजा म्हणाली, हुलीनं बघितलं होतं का त्याला?
गौराबाई म्हणाल्या, बघितलं असतं तर त्यालाही आवडलं असतं गं.


२१ फेब्रु.
मंद्रूप. घरात सांगितलं की अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत शेड बघायला चाललोय. स्टँडजवळचा चहावाला म्हणाला, "व्हय, हुतं की. तांबडं, एक कान पांढरा. यष्टीमागं लई लांबवर गेलं. माघारी आल्यालं काय न्हाय बघितलं." वस्त्यांवर फिरलो. एक म्हातारी म्हणाली, "कुत्र्यापायी एवढं हिंडताय शेट? लई जीव दिसतोय." काय सांगणार बाईला. मी त्याचं तोंडही बघितलेलं नाही. फक्त ऐकलंय.
घरी आलो. सौ. चपलांच्या मातीकडं बघत: "एमआयडीसीत काळं रान कवापासून?"
सांगून टाकलं सगळं. तालीम, पेढे, पिशवी. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "मला कशाला सांगताय? तिकडं सांगा."

२४ फेब्रु., शुक्र.
तिकडं सांगायला गेलो आणि पुन्हा शहाणपणा केला. नळावर मास्तरांना म्हटलं, "एखादं कुत्रं पाळा की मास्तर. पोरीला खेळायला होईल, मला राखण." वाटलं, एवढ्यात भागेल. मंद्रूपचं नाव नको, कन्नडचं नाव नको.
मास्तर मागंच सरले. "नको मालक. आम्हाला जनावराची आवड नाही. मांजरसुद्धा कुणाला तरी द्यावं म्हणतोय."
सापळा वाटला त्यांना. का वाटू नये. पोट गुरगुरतंय का विचारणारा मीच, कोंबड्यांची गोष्ट सांगणाराही मीच. मालकाची थट्टा भाडेकरूला थट्टा वाटत नसते, हे मला कळायला नको? मी मागावर कामाला होतो त्या शेडचा मालक माझी थट्टा करायचा तेव्हा मीही असाच हसायचो. डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
आता सुब्बीही जाणार.

२६ फेब्रु.
गिरिजा मागच्या पायरीवर रडत होती, आवाज न करता. एवढ्याशा पोरीला असं रडायला माझ्या घरात शिकावं लागलं.
शेजारी बसलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं ते "अळब्याड." रडू नको. इतक्या वर्षांनी जीभ अडखळली, पण आलं.
पोरगी थांबली. आत गौराबाई भाकरी थापत होत्या, तो आवाजही थांबला.
मग थांबलो नाही. मोडक्यातोडक्या कन्नडमधे सगळं सांगितलं. पिल्लू पहिल्या दिवशीच ऐकलं होतं. तुझ्या बापाचं वाक्यही ऐकलं होतं. हो म्हणायचं होतं, म्हटलं नाही. मंद्रूपला गेलो, पांढऱ्या कानाचं ते पिल्लू यष्टीमागं गेलं म्हणतात, सापडलं नाही. चुकलं माझं.
 आत भाकरी करपल्याचा वास.
गौराबाईंना तेवढ्यात काय काय आठवलं असेल. सासूबद्दल बोललेलं, मास्तरांच्या नोकरीचं, दुसरं मूल राहिलं नाही तेव्हाचं. मला सगळं माहीत आहे. हक्क नसताना माहीत आहे.

२८ फेब्रु.
तिकडून शब्द नाही. भांडंसुद्धा अलगद ठेवतात. काही बोलायचं झालं तर तिघं रस्त्यावर जातात.
सौ. म्हणाली, "ऐका आता."

३ मार्च, शुक्र.
माग बंद. दुपारी भिंतीला अगदी लागून गौराबाई बोलल्या. कन्नडच, पण मोठ्यानं आणि सावकाश, मास्तर ढ पोराला सांगतात तसं.
"ऐकणाऱ्यानं ऐकावं. राहायचं की जागा सोडायची, आमचं ठरायचंय. ठरेपर्यंत कानांत बोळे घालावेत. आणि आमच्या पिल्लाचे दोन्ही कान तांबडे होते. पांढरं होतं ते शेपटीचं टोक."
म्हणजे चहावाल्यानं सांगितलं ते भलतंच कुठलंतरी. म्हणजे आमचं... त्यांचं... कुठं आहे ते कुणीच बघितलेलं नाही. कुणी उचलून नेलंही असेल.
सौ.ला म्हटलं, ऐकलंस? ती म्हणाली, "मला कुटं कळतंय? पण ओरडली ते बरं झालं."
मागाखालचा सुताचा पुंजका घेतला, पिंजून दोन बोळे केले, घातले. जन्म खडखडाटात गेला, कानांत कधी काही घातलं नव्हतं. माझाच श्वास मला मोठा वाटतोय.
हे लिहीत होतो तर दारात गिरिजा. पायांत चपला, काखेत पिल्लाची ती कापडी पिशवी. काहीतरी बोलली. ओठ हललेले दिसले, पण कुठली भाषा तेही कळेना. हात कानाकडं गेला होता, तो मागं घेतला. कानाकडं बोट करून तिलाच खुणेनं विचारलं, काढू का?
तिनं जरा विचार केला. मग मागच्या खोल्यांकडं, आईकडं, बोट दाखवलं आणि तिकडं पळाली. विचारायला गेली असावी.
मंद्रूपची दुपारची यष्टी अजून जायची आहे. मी चपला घालून बसलोय. बोळे तसेच आहेत.